दुसऱ्या मजल्यावरचं स्टूल

१२ ऑक्टोबर

चि. छकुली,

अनेक आशीर्वाद. माझ्यावर रागावली असलीस तरी घे, आशीर्वाद परत करायची सोय नाही.

मी बरा आहे. भात जमतो, बाकी देवाची मर्जी. तुझ्याकडे आल्यापासून आईचा दम कसा आहे? फोनवर 'बरी आहे' म्हणते, पण त्या दोन शब्दांवर माझा विश्वास राहिलेला नाही.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनी विचारलं, स्टूल आत घेऊ का? म्हटलं, कसलं स्टूल? तर जिन्याच्या वळणावर त्यांनी ते तुझ्या आईसाठी ठेवलं होतं. दोन वर्षं ती बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन तिथे बसायची, दम खायची आणि मग वर आपल्याकडे यायची. झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, सगळं काकूंना ठाऊक. मी त्याच जिन्यावरून दिवसातून चारदा जातो. मला ती अडगळ वाटायची.

हॉस्पिटलात तू विचारलंस, 'बाबा, तुम्हाला कळलं कसं नाही?' मी म्हणालो, ती कधी बोललीच नाही. छकुली, ते खोटं होतं.

उन्हाळ्यात आपल्या डॉक्टरांनी सगळ्या जुन्या पेशंटना एक फॉर्म दिला होता. वीस प्रश्न. जिना चढता येतो का, झोप लागते का, मन मोकळं करायला कोणी आहे का. तुला माहीतच आहे, माझा जन्म हेडक्लार्कीत गेला, अख्ख्या गल्लीचे फॉर्म मीच भरतो. फॉर्म दिसला की हात शिवशिवतात. आईचाही मीच भरला. ती शेजारीच बसली होती. जिन्याच्या प्रश्नाला म्हणाली, 'अहो, जरा ऐका ना.'

मी म्हणालो, 'थांब गं, मध्ये बोललीस की खाडाखोड होते.'

मी सगळीकडे छान-छान लिहून मोकळा झालो. मन मोकळं करायला कोणी आहे का, यापुढे 'हो' लिहिताना मी स्वतःलाच धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, उत्तम, त्याच गोळ्या चालू ठेवा. कंपाउंडरने माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि मी खुशीत घरी आलो. तीन महिन्यांनी ती जिन्यात कोसळली.

काल डॉक्टरांना हे सांगून आलो. फार लाज वाटली. ते म्हणाले, मीही त्यांनाच विचारायला हवं होतं. कोरा फॉर्म मागून आणलाय, सोबत पाठवतो. आईला दे, चष्मा दे आणि तू खोलीबाहेर जा. तूही माझीच मुलगी, मदतीला बसशील.

तळमजल्यावरचं एक घर पाहून ठेवलंय. घ्यायचं की नाही, ते या खेपेला मी ठरवणार नाही.

फॉर्मच्या शेवटी एकविसावा प्रश्न मी हाताने लिहिलाय: घरी परत यावंसं वाटतं का? त्यापुढे भरपूर जागा सोडली आहे. तिला सांग, सावकाश लिही. खाडाखोड झाली तरी चालेल.

तिच्या अक्षराची वाट पाहणारा,
तुझा बाबा