मुदतीपूर्वी मोडता येते, असे लिहून मिळण्याबाबत

प्रति,
मा. शाखाधिकारी,
मुदत ठेव व गुंतवणूक विभाग,
दुसरा मजला (लिफ्ट बंद, 'लवकरच सुरू होईल' हा कागद पिवळा पडला आहे)

विषय : परदेशी स्थलांतराच्या अर्जासाठी माझ्या ठेवी व गुंतवणुकीचे पत्र मिळण्याबाबत. विनंती चौथी.

संदर्भ : १) माझे याआधीचे तीन अर्ज. २) त्यांवरील आपले शेरे, अनुक्रमे 'पाहू', 'नमुन्यात नाही' व 'समक्ष भेटावे'. ३) भेटले.

महोदय,

१. मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या व कॅप बनवते. या कामाला परदेशात मागणी असल्याने कुशल कामगार म्हणून तिकडे स्थायिक होण्यासाठी अर्ज करण्याचे निमंत्रण मला आले आहे. सर्व कागद पूर्ण झाले. एकच उरला. तिकडे गेल्यावर सुरुवातीचे महिने माझे मी भागवू शकेन एवढे पैसे माझ्याकडे आहेत आणि ते मला हवे तेव्हा काढता येतात, असे बँकेचे पत्र. ते सादर करण्याची मुदत उद्या संपते. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे व त्या दिवशी तिकडच्या निवडीतले माझे वयाचे गुण कमी होऊन मी यादीतून बाद होते. त्यामुळे 'पुढच्या वेळी भरा ना' हा आपल्या काउंटरवरील बाईंचा सल्ला मला उपयोगाचा नाही.

२. पैसे आहेत आणि ते आपल्याच शाखेत आहेत. तीन मुदत ठेवी होत्या (त्यातील एकीचे काय झाले ते पुढे येईलच) व म्युच्युअल फंडाची काही युनिटे आहेत. ही युनिटे मागायला मी आले नव्हते. आपल्या आधीच्या साहेबांनी मला खुर्ची देऊन, चहा मागवून, 'ठेवीत पैसे नुसते झोपून राहतात हो' असे सांगून ती माझ्या गळ्यात मारली. आता त्याच युनिटांची किंमत लेटरहेडवर लिहून मागितली तर शाखा म्हणते, बाजाराचे आम्ही काय सांगणार? विकताना बरे सांगता येत होते. असो. युनिटांचा नाद मी सोडला.

३. राहिल्या ठेवी. आपल्या छापील पत्रात 'रक्कम मुदतीअंती देय' एवढेच असते. तिकडचे कार्यालय ते वाचून म्हणते, म्हणजे आज मिळणार नाही. म्हणून 'मुदतीपूर्वी मोडता येते' हे तीन शब्द त्यात घालावेत, अशी मी विनंती केली. उत्तर मिळाले की 'मोडता येते' असा नमुना नाही, 'मोडली' असा आहे. मग मी काय करू, असे विचारल्यावर काउंटरवरील गृहस्थ संगणकावरून नजर न काढता म्हणाले, "एक मोडून टाका ना. मोडली असं लगेच देतो." मी मूर्खासारखी मोडली. व्याज कापले गेले. पत्र मात्र खरोखरच लगेच मिळाले. त्यात लिहिले आहे : 'सदर ठेव मोडण्यात आली असून ती आता अस्तित्वात नाही.' पैसे असल्याचा पुरावा म्हणून हे पत्र मी कोणाला दाखवावे, ते कृपया कळवावे.

४. मोडलेल्या ठेवीचे पैसे माझ्या बचत खात्यात जमा झाले. त्या खात्याचे पत्र मागितले तर त्यावर शेरा आला : 'अलीकडे मोठी रक्कम जमा. स्रोत स्पष्ट करावा.' महोदय, स्रोत आपण आहात. रक्कम आपल्या दुसऱ्या मजल्यावरून आपल्या पहिल्या मजल्यावर आली. मी तसे लेखी दिले. त्यावर विचारणा झाली की मुळात ठेवीत पैसे कोठून आले. मग बाकीच्या दोन ठेवींच्या मागेही हाच प्रश्न लागला. मी कामावरून अर्ध्या दिवसाची रजा काढून येते, हाताला कवळ्यांच्या साच्याचे प्लास्टर तसेच लागलेले असते, आणि प्रत्येक वेळी एक नवा कागद सांगितला जातो. मला संताप आला आहे, हे मी येथे नमूद करते.

५. पैसे माझ्या आत्यांकडून आले. आईवडील गेल्यावर वडिलांच्या या बहिणीने मला वाढवले. त्या घरी शाळेचे गणवेश शिवत. शाळा सुरू होण्याआधी महिना-दीड महिना घरात पाय ठेवायला जागा नसे, सगळीकडे निळ्या चिंध्या. दुकानाचा चेक आला की त्या माझ्या नावाने ठेव करत. "माझ्या नावावर ठेवले तर मी खर्च करीन, तुझ्या नावावर असले की हात आखडतो," असे म्हणत. त्यांना मला सोबत नेता येत नाही, कारण तिकडच्या नियमात आत्या हे नाते कुटुंबात बसत नाही. मी हे घाबरत घाबरत सांगितले तर म्हणाल्या, "मी कशाला येऊ तिकडे गारठायला? जायच्या आधी मला दोन कवळ्या करून ठेव. एक पडली तर दुसरी." त्या मी केल्या आहेत.

६. आपल्या सूचनेनुसार काल आत्यांना शाखेत आणले. दोन मजले चढताना त्या तीनदा बसल्या. आपण घोषणापत्राचा छापील नमुना दिलात. त्यातील पहिले वाक्य, ही रक्कम मी स्वेच्छेने दिली आहे. दुसरे, ती मी परत मागणार नाही. तिसरे, 'सदर व्यक्ती माझे काहीही देणे लागत नाही व पुढेही लागणार नाही.' आत्या सगळेच मोठ्याने वाचतात, त्यामुळे हे रांगेनेही ऐकले. वाचून झाल्यावर त्यांनी आपल्याकडे पेन मागितले आणि मला म्हणाल्या, "बरोबरच आहे की. काय देणं लागतेस तू माझं? कुठे करायची सही?" पेनाचे टोपण निघाले होते. कागद मी ओढून घेतला. आपण म्हणालात, "ताई, फॉरमॅलिटी आहे हो, एवढं काय मनाला लावून घेता?" आत्याही माझ्यावरच चिडल्या. घरात शिरल्यावर म्हणाल्या, "एका ओळीपायी सगळं घालवशील, वेडे." संध्याकाळी त्यांनी पुन्हा कागद मागितला.

७. आहे तशा कागदावर सही झाली तर काम होते, हे मला कळते. मला जायचे आहे. आमच्या प्रयोगशाळेत दात छापणारे यंत्र येत आहे आणि सहापैकी तीन खुर्च्या आताच रिकाम्या आहेत. मला फार जायचे आहे, महोदय. परंतु ते तिसरे वाक्य खोटे आहे, आणि ते त्यांच्याच पैशाच्या पुराव्यासाठी, त्यांच्याच हाताने लिहून घेणे मला जमणार नाही. नमुन्याच्या तळाशी 'खाडाखोड असल्यास घोषणापत्र रद्द समजले जाईल' असे बारीक अक्षरात छापले आहे, तेही मी वाचले आहे.

८. तरी विनंती की :
(अ) उरलेल्या दोन ठेवी मुदतीपूर्वी मोडता येतात, असे आज लिहून द्यावे.
(आ) ते शक्य नसल्यास, त्या कोणालाही कधीही मोडता येत नाहीत, असे लिहून द्यावे. माझ्या आत्यांना ते ऐकून बरे वाटेल.
(इ) आत्यांना पुन्हा जिना चढायला लावू नये. जे विचारायचे ते मला विचारावे. मी बाहेरच्या बाकावर बसून आहे.

आपली, अजून तरी नम्र,

(सही)
अर्जदार

दिनांक : मुदतीचा आदला दिवस

सोबत :
१) उरलेल्या दोन ठेवींच्या पावत्या.
२) तिसरी ठेव अस्तित्वात नसल्याचे आपले पत्र.
३) बचत खात्याचा उतारा, आपल्याच बँकेकडून आलेल्या संशयास्पद रकमेसह.
४) आत्यांचे घोषणापत्र, मूळ प्रत. खाली सही त्यांची आहे. तिसऱ्या वाक्यावर रेघ आहे, ती सहीच्या आधी मारलेली असून माझी आहे.