शिसवी पाचरीची कार्बाइन

आबा, तुम्ही दुरुस्त केलेली ती अमेरिकन कार्बाइन विकायला निघाली आहे. परवा मी शिकवते त्या शाळेत इंग्रजी पेपरात जाहिरात वाचली. घोडेस्वारांची आखूड बंदूक, शंभर वर्षांची, दुर्मिळ, चालू स्थितीत, फक्त संग्राहकांनी चौकशी करावी. दस्त्याच्या डाव्या अंगाला जुन्या दुरुस्तीची शिसवी पाचर आहे, असंही लिहिलंय. ती पाचर तुम्ही माझ्यासमोर तासली होती. त्या बंदुकीनं माणूस मारला, हे मात्र कुठं लिहिलेलं नाही.

कोन गावाकडचा तो जमीनदार ती गोणपाटात गुंडाळून आपल्या पनवेलच्या दुकानात घेऊन आला, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. मुंबईचा कुणी हौशी साहेब ती घेणार होता, पण त्याला उडणारी बंदूक हवी होती. दोन महिने तुम्ही तिच्यावर खपलात. मला अजून दिसतं, तुम्ही कानस घासता आहात आणि मी त्या साहेबाला इंग्रजीत पत्र लिहिते आहे. तुम्ही म्हणता, बंदुकीचा घोडा पुरा मागे ओढल्याशिवाय पडत नाही, हे नीट लिही. मी लिहिते. मला त्या बंदुकीचा अभिमान वाटतो.

जमीनदार ती घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी पळस्प्याजवळच्या त्याच्या वीटभट्टीवर एक कातकरी मेला. बायको तापानं फणफणली होती म्हणून तो घरी जायला निघाला होता. जमीनदारानं परत बोलावलं, तो थांबला नाही. गोळी पाठीतून शिरून पोटातून बाहेर आली. बैलगाडीतून दवाखान्यात आणेपर्यंत तो संपला होता. जमीनदारानं पोलिसांना सांगितलं, बंदूक दाखवताना आपोआप सुटली, दुरुस्ती कच्ची होती.

दुसऱ्या दिवशी त्या कातकऱ्याची बायको, अंगात ताप असतानाच, आपल्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. नवरा येईना म्हणून तीही भट्टीकडं गेली होती आणि गोळी सुटली तेव्हा तिथंच होती. ती रडत नव्हती. म्हणाली, "त्यानं नेम धरला. मी बगितलं. पन आमचं कोन आयकनार नाय." तुम्ही तिला पाणी दिलंत, टोपी घातलीत आणि तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन लिहून दिलंत की घोडा तुम्ही बसवला आहे आणि तो आपोआप पडत नाही.

त्याच दिवशी दुपारी जमीनदार तीन माणसं घेऊन आला. आधी तो गोडीनं बोलला. घोडा सैल राहिला होता एवढंच सांगा, कुणाचं काही जात नाही, म्हणाला. तुम्ही म्हणालात, "माणूस गेला की." मग त्यांनी तुमचा उजवा हात बाकावरच्या, लोखंड आवळून धरायच्या शेगड्यात घातला आणि दांडा फिरवला. मी मागच्या खोलीत होते. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. तुम्ही पहिल्यांदा ओरडलात ते माझं नाव घेऊन. नंतर नुसतेच ओरडलात. शेजारचा तांबट घण घेऊन धावत आला तेव्हा ते पळाले. शेगडा सोडवून तुमचा हात त्यानंच बाहेर काढला. दोन बोटं चामडीला लोंबत होती.

कोर्टात तुम्ही डाव्या हाताचा अंगठा उमटवून साक्ष दिलीत. वकिलानं पुन्हा पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा पुन्हा तेच सांगितलंत. जमीनदाराला शिक्षा झाली. ती बाई निकाल ऐकून कर्नाळ्याकडं चालत गेली. तुमच्या हातानं पुन्हा कानस धरली गेली नाही, आणि दोन वर्षांनी तुम्ही गेलात. शिक्षा भोगून तो परत आला, म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला. आता त्याचा मुलगा कोर्टाकडून परत मिळालेली ती बंदूक विकतो आहे. मी त्या पेपराला पत्र लिहून खरं काय ते कळवलं आहे. ते छापतील असं वाटत नाही.

हे दुसरं पत्र मात्र मी माझ्यापाशीच ठेवणार आहे. तुम्ही शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलात, पोर काय करणार, त्यांनी मागच्या खोलीच्या मधल्या दाराला बाहेरून कडी घातली होती. आबा, त्या दाराला बाहेरून कडी नव्हतीच. तुम्हाला ते ठाऊक असणार, दार तुम्हीच बसवलं होतं. आतली कडी मी घातली होती, तुम्ही माझं नाव घेऊन ओरडलात त्यानंतर.