चंदरची सोयरीक आणि विलायतेचे बाँब

कुंभिवली, ता. ९ एप्रिल १९६७

तीर्थरूप आक्कास धाकट्या श्रीपतचा जय भीम. इकडे सगळे ठीक आहोत, फक्त माझी डावी भुवई उणी आहे. ते कसं झालं ते खाली येईलच. तुझे गुडघे आता कसे आहेत? (दाजी, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, तेव्हा सावकाश वाचा आणि कंसातलं गाळू नका.)

आता तुझ्या चंदरच्या सोयरिकीचं. मुलगा तेलाच्या बोटीवर आहे म्हणून दोन ठिकाणांनी नकार दिला, त्याचं एकोणतिसावं सरत आलं, हे ठिकाण हातचं घालवू नकोस, असं तू मला बजावलं होतंस. म्हणून मागल्या रविवारी साजगावला येसाजींच्या घरी गेलो. मुलगी हिरू खरंच चांगली आहे, सातवी पास, शिवणकाम येतं. येसाजी कारखान्यात फिटर. सगळं जुळत आलं होतं, फक्त हिरूची आई गंगाबाई गप्प होत्या. त्यांना बोटीची थोरवी कळावी म्हणून मी खिशातला पेपर काढून मोठ्यानं वाचायला लागलो. (कुणी सांगितलं होतं, असं विचारू नकोस. कुणीच नाही.)

बातमी अशी, की विलायतेजवळ एक भलंमोठं तेलाचं जहाज खडकावर चढून फुटलं, तेल समुद्रभर पसरलं, आणि ते जाळून टाकायला इंग्रज सरकारनं लष्करी विमानं पाठवून जहाजावर बाँब टाकले. गंगाबाईंनी एवढंच विचारलं, की माणसं कुठं होती. मी म्हटलं, ती आधीच उतरवली होती. तर म्हणाल्या, "आन् इसरली असती तर?"

यावर शहाण्या माणसानं चहा मागितला असता. मी पुढचं वाचलं. बाँबांनी आग लागे, लाटांनी विझे, असं काही दिवस चाललं होतं. मी ठासून सांगितलं, की तेल पाण्यावर पेटतच नाही, खुद्द इंग्रजांना जमलं नाही, तेव्हा चंदर घरापेक्षा बोटीवर सुखरूप आहे. येसाजी फिटर माणूस, ऐकीव गोष्ट मानत नाहीत. त्यांनी परातीत पाणी घेतलं आणि वर स्टोव्हमधलं वाटीभर रॉकेल ओतलं. पहिली काडी पाण्यात पडून विझली. दुसरीही विझली. मी जिंकल्यासारखं सगळ्यांकडे बघितलं. तिसऱ्या खेपेला येसाजींनी काठीला चिंधी बांधून पेटवली आणि परातीला लावली.

आक्का, रॉकेल पेटतं. जहाजातलं कच्चं तेल वेगळं असतं, हे मला नंतर कळलं. मी घाईनं तांब्याभर पाणी ओतलं, त्यासरशी परात भरून वाहिली आणि जाळ सारवलेल्या जमिनीवरून थेट दोरीवर वाळत घातलेल्या निळ्या पताकांपर्यंत गेला. (जयंतीसाठी सगळ्या वस्तीनं चार दिवस बसून खळीनं चिकटवलेल्या.) ओल्या गोणपाटांनी आग विझवली. माझी भुवई गेली ती तेव्हाच. पताकांतल्या अकरा उरल्या. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. गंगाबाई शांतपणे म्हणाल्या, "मामा घरात बसून यवढं करतोय, तर भाचा समिंदरात काय दिवं लावल?"

तेव्हापासून कामावरून सुटलो की रोज साजगावला जाऊन पताका चिकटवतो. गंगाबाई चहा देतात, बोलत नाहीत. चौदा तारखेच्या आत पुऱ्या होतील.

तुझा श्रीपत

ता. क. नकार अजून आलेला नाही. काल येसाजी म्हणाले, मुलगी हो म्हणाली तर वैशाखी पौर्णिमेला लग्न उरकून टाकू. गंगाबाईंनी मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते समजलं नाही.

ता. क. दुसरा. दाजी, इथून पुढचं फक्त तुमच्यासाठी. आक्काला म्हणा, पत्र संपलं. काल खळ ढवळताना हिरूनं मला हळूच विचारलं, "मामा, बाँबचं ऱ्हाऊ द्या. त्यांना पवता येतं का?" मी हो म्हणून बसलो, आणि तिचा चेहरा उजळला. चंदर सात वर्षं बोटीवर आहे, पण कमरेवर पाण्यात कधी गेलेला नाही, हे तुम्हांला आणि मलाच ठाऊक. पुढल्या आठवड्यात तो सुट्टीवर येतो आहे. कळंबच्या डोहात अजून पुरुषभर पाणी असेल. रोज पहाटे त्याला न्या, पाठीला सुका भोपळा बांधा आणि महिनाभरात कसंही करून शिकवा. आक्काला म्हशी धुवायला जातो म्हणून सांगा. पोराला पोहता येतं, या भरवशावरच तिनं त्याला बोटीवर जाऊ दिलं होतं.