सेल बदलला की निघतोच

१९ नोव्हेंबर २००७, सोमवार. सकाळी ७.
कळंबहून भाच्याचा फोन. सुभाष म्हणाला, मामा, आईला बरं नाय. बीपी लई वाढलंय. तुमालाच काय तरी सांगायचंय म्हणती, दुसऱ्या कुणाला सांगत नाय. येऊन जावा. म्हटलं, आजच निघतो. प्रयाग अक्का माझी सख्खी थोरली बहीण. नऊ वर्षांत तिकडं जाणं झालं नाही, कामाचा व्याप. आता मात्र जायचंच. जाताना डाळिंबं न्यायची.

सकाळी ९.
इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडलो, रिमोट दाबला. गाडी गप्प. गाडी सेकंडहँड आहे, पण रिमोटची आहे. दाबलं की टुक टुक करते, दिवे मिचकावते, गल्लीतली माणसं वळून बघतात. आज बावीस वेळा दाबलं. गल्लीतली माणसं वळून बघतच होती.
निदान : रिमोटमधला सेल उतरला.
जया म्हणाली, अहो, किल्लीनं उघडा की. रिमोटच्याच बुडाला किल्ली हाय. बायकोला सिक्युरिटी सिस्टिम काय कळणार! किल्ली घातली की गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं चोर आला, आणि तो इंजिन बंद करतो. हे मी कुठंतरी ऐकलंय. उगाच रिस्क नको. सेल बदलायला दहा मिनिटं. उद्या निघतोच.

२० नोव्हेंबर, मंगळवार.
रिमोट उघडायला फट सापडेना. शेवटी अडकित्ता लावला. एक टवका उडाला, पण लांबून दिसत नाही. आत रुपयाएवढा चपटा सेल. टाकून कशाला द्यायचा? आमचे वडील, तात्या, रेडिओचे सेल उन्हात तापवून दोन दोन महिने बातम्या ऐकायचे. सेल गच्चीवर उन्हात ठेवला. ऊन फर्स्टक्लास आहे.
दुपारी गावातला जीपवाला हौशीराम दारात जीप थांबवून म्हणाला, राव, मंचरला चाललोय, चला, कळंबला सोडतो. नको म्हटलं. दूध सोसायटीचा रिटायर्ड सेक्रेटरी नऊ वर्षांनी बहिणीकडं जाणार, तो काय शीटा भरणाऱ्या वडापच्या जीपमध्ये कोंबड्यांशेजारी बसून? दारात आपली गाडी उभी राहिली पाहिजे. अक्कालाच बरं वाटेल.

२१ नोव्हेंबर, बुधवार.
सेल गायब. गच्चीवर जयाच्या भुईमुगाच्या शेंगा वाळत होत्या. तिनं संध्याकाळी सगळं गोळा करून पोत्यात भरलं. आज अख्खं पोतं उपसलं. शेंगाच निघाल्या. जया म्हणाली, एवढ्या येळात कळंबला जाऊन जेवून आला असता. मी शेंगा परत पोत्यात भरल्या. संयम ठेवायचा, हे ठरवलेलं आहे.
दुपारी यष्टीनं आळेफाट्याला. घड्याळवाल्यानं विचारलं, सेलचा नंबर काय? म्हटलं, गोल. त्यानं दिला.
बाहेर आलो तर समोरच पुण्याची यष्टी. कंडक्टर दारात उभा राहून नारायणगाव, कळंब, मंचर असं ओरडत होता. जागाही होती. पण डाळिंबं घरी. रिकाम्या हातानं कसं जायचं? गाडी सुटेपर्यंत तिथंच उभा होतो. बराच वेळ थांबली होती.

२२ नोव्हेंबर, गुरुवार.
सेल पातळ निघाला. रिमोटमध्ये खडखडतो. तंबाखूच्या पुडीतला चांदीचा कागद घडी करून खाली घातला. एकदा टुक झालं! जयाला हाक मारून दाखवायला गेलो, तोवर गप्प. टेक्निक बरोबर आहे, कागद कमी पडला.
दुपारी मोबाइल वाजला. कळंबचा नंबर. तीन वेळा वाजला. उचलला नाही. काय सांगणार, सेल नाही म्हणून? जाऊनच दाखवायचं.
जया म्हणाली, तुमी अक्काला भिता. बायकोचं आपलं काहीतरीच.
अक्काला काय सांगायचंय ते मला माहीत आहे. जमिनीचं असणार. तात्या गेल्यावर वारसनोंदीची सही आहे म्हणून मी तिला जुन्नरला नेलं. कागद हक्कसोडीचा होता, म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीनं भावाला सोडला, असा. सगळेच भाऊ घेतात. रीतच आहे. फक्त मी तिला तसं सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं. तिला वाचता येतं, हे माझ्या ध्यानात नव्हतं. तिनं सगळा कागद वाचला, एकदा माझ्याकडं बघितलं आणि सही केली. मग स्टँडवर म्हणाली, चांगा, मागितलं असतंस तर दिलं असतं रं. एवढंच. भांडली असती तर केव्हाच मिटलं असतं.
त्यानंतर भाऊबीज जमली नाही. एकदा पाहुणे होते, एकदा पाठ धरली. मग ते तसंच पडत गेलं. राग तिच्या मनात आहे. माझ्या मनात काही नाही.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार.
पुन्हा फाटा. या वेळी गॅरेजवाला गाठला. त्यानं चांदीचा कागद बघितला आणि चारचौघांना हाक मारून दाखवला. मग योग्य नंबरचा सेल घातला. दोन मिनिटं लागली. म्हणाला, काका, किल्लीनं उघडली असती तरी गाडी निघाली असती, काय व्हत न्हाई. त्याला या मॉडेलचं नॉलेज दिसत नाही.
घरी येऊन दाबलं. टुक टुक! गल्लीला पुन्हा कळलं. लगेच निघणार होतो, पण दिवस कलला होता आणि गाडीवर धूळ फार. गाडी धुतली. डाळिंबं निवडून बांधली. काय बोलायचं त्याचे मुद्दे काढले. पहिला मुद्दा तब्येत. दुसरा सुचला नाही.

२४ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६.
कळंबहून आलो. तासाभराचा रस्ता. दारात गाडी लावली, रिमोट दाबला. कुणी बाहेर आलं नाही.
अक्काला गुरुवारी दुपारी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ते फोन त्याचेच होते. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. स्नेहल, म्हणजे सुभाषची बायको, म्हणाली, मामा, बुधवारपत्तुर लई बोलत व्हत्या. रस्त्यावर गाडी वाजली की विचारायच्या, चांगा आला का, बघ गं.
सुभाषला बाजूला घेऊन विचारलं, काय सांगायचं होतं तिला? तो म्हणाला, आमाला कुठं सांगितलं? तुमालाच सांगायचं व्हतं.
खाटेजवळ बसलो. अक्का अगदी एवढीशी झालीय. मी म्हटलं, अक्का, मी चांगा. तिनं ओळखलं. डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. तोंड हलवलं. आवाज आला, पण त्याचा शब्द होईना. तीनदा तिनं प्रयत्न केला. मी म्हणालो, अक्का, माझं चुकलं. ती बघत राहिली आणि पुन्हा तेच बोलायला लागली. मला काही कळलं नाही. मी रडलो, सगळ्यांसमोर.
दर रविवारी जायचं ठरवलंय. उद्याचा रविवार फार जवळ होतो, पुढच्या रविवारपासून. यात बदल नाही.

२ डिसेंबर, रविवार.
रिमोट पहिल्या दाबात चालतो. गाडी धुतलेली आहे. पेट्रोल आहे. पाठ दुखत नाही. पाहुणे नाहीत.
गेलो नाही. ती माझ्याकडं बघते ते मला सोसवत नाही.
जया सकाळच्या यष्टीनं एकटीच गेली.