चंद्राला उरलेले बहात्तर हजार

मी खाली सही करणार, वय तेवीस, कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलेला, आज पहाटे पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दडपण कुणाचं नाही. काल जेवताना बाबा म्हणाले, "तीन लाख किलोमीटर चाललेल्या खटाऱ्यातून जायचं तर आधी मृत्युपत्र करून जा." मी ताटावरून उठलो. आता डोकं थंड आहे, पण करणार म्हटलं ते करणार.

१. माझी पुस्तकं धाकट्या बहिणीला. तिने ती वाचावीत. माझ्यासारखं वर्गासमोरच्या प्रयोगशाळेच्या खिडकीकडे बघत बसू नये. त्या खिडकीतली मुलगी आता सहाशे चाळीस किलोमीटरवरच्या इस्पितळात नोकरीला आहे. तिचं म्हणणं एवढंच, "शपथा नकोत रे. दर दुसऱ्या शनिवारी दारात दिसलास तरी पुरे."

२. माझा पान्यांचा संच, मला जुनी गाडी पारखून देणाऱ्या गॅरेजवाल्या मिस्त्रीकाकांना, माफीसह. मला चाळीस हजार चाललेली लाल गाडी हवी होती. काकांनी तिच्या ब्रेकच्या पायपट्टीवर बोट फिरवलं. रबर पार गुळगुळीत. "मीटर मागे फिरवता येतं, हे नाही येत," म्हणाले आणि चालू लागले. पुढची गाडी बघायला जाताना मी शहाणपणा करून मालकाला फोन केला, "जरा गरम करून ठेवा." काकांनी बॉनेटवर तळवा ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि आठवडाभर बोलले नाहीत. गार इंजिन पहिल्या किल्लीला कसं उठतं तेच तर त्यांना बघायचं असतं.

३. गाडी बाबांना. ती आधी एका फिरत्या औषधविक्रेत्याची होती. मीटर तीन लाख बारा हजार. मी तोंड वाकडं केलं, तर काका म्हणाले, "सरळ रस्त्यावर, एका हातात चाललीय. ऐक." किल्ली फिरली. इतका शांत आवाज, की चालू झाली का ते मी वाकून ऐकलं. कप्प्यात एक वही होती: दर आठ हजाराला तेल बदललेलं, अकरा वर्षं, एकाच अक्षरात, एकही खाडा नाही. ती वही मी दोनदा वाचली. इतकं सांभाळणं मी कुणाचंच केलेलं नाही. चंद्र तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवर आहे म्हणतात. म्हणजे उरले बहात्तर हजार, इस्पितळातल्या तिच्याकडे जाऊन-येऊन छप्पन्न खेपा. मला काही झालं तर बाबांनी ते पुरे करावेत आणि वहीत लिहावेत.

४. वकिलाकडे कारकुनी करणाऱ्या मित्राने बजावलंय: ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीला सही करायची नाही. केली तर त्याचा वाटा गेला. म्हणून पहिली साक्ष त्याचीच घेतली, आणि दुसऱ्या साक्षीला समोरच्या शिंप्याला उठवणार होतो.

तो उठण्याआधी बाबा खाली गाडीपाशी आले. कागद उभ्यानेच वाचला, शेवटपर्यंत. "पेन दे."

"बाबा, सही केलीत तर गाडी तुम्हाला मिळणार नाही."

"वाचता येतं मला."

सही केली. मग बॉनेटवर तळवा ठेवला.

"गार आहे," म्हणाले. "चालू कर आता."

लिहून ठेवणार: थोरला मुलगा (सही)
साक्षीदार १: कारकून मित्र (सही)
साक्षीदार २: वडील (सही)
ठिकाण: घराखाली, गाडीशेजारी
दिनांक: पहिल्या खेपेचा शनिवार, मीटर ३,१२,०४६