कुंचीची तीट

मुलुंड पूर्व,
९ जून २०२५

ती. जानकीताईस,
शि. सा. न. वि. वि.

दिलेल्या कपड्याकडे वळून बघू नये, असं आई एकदाच म्हणाली होती, पण ते माझ्या मानेत कायमचं बसलंय. घाटकोपरला भटवाडीच्या खोलीत राहायचो तेव्हा तिने शेजारच्या बाळासाठी लाल कुंची शिवली होती. बारशाला निघालेली ती कुंची मी जिन्यावरून वाकून बघत होते, तर आईने माझी हनुवटी धरून तोंड घराकडे वळवलं. बाळाला नजर लागते म्हणाली. तू मशीनवर बसून हसत होतीस.

काल आपल्या ऑनलाइन दुकानाची पानं तपासताना हे आठवलं. तुझं कानाचं यंत्र आणि माझा फोनवरचा आवाज यांचं कधीच जमलं नाही, म्हणून ह्यांच्या पिशवीत कापडाबरोबर पत्र ठेवतेय. ह्यांचं ऑफिस बोरिवलीत असण्याचा तेवढा तरी उपयोग.

वर्षभर मी डोकं फोडून घेतेय, की बाळाचे कपडे शोधणाऱ्या कुणालाच आपलं दुकान इंटरनेटवर का सापडत नाही. वर्णनं पुन्हा लिहिली, फोटो बदलले, या वयात क्लास लावला. आणि काल कळलं, कुंची विकली गेली की तू तिचं पानच काढून टाकतेस. ताई, सर्च इंजिन म्हणजे वाडीतली सगळ्यांचे पत्ते ठाऊक असलेली बाई समज. ती अधूनमधून प्रत्येक दाराशी येऊन जाते. आपल्याकडे येते तर मागच्या वेळी पाहिलेलं दारच जागेवर नाही. अशी पुन्हा पुन्हा माघारी गेली, की ती लोकांना आपला पत्ता सांगेनाशी होते.

दसऱ्यापर्यंत कामं आली नाहीत तर मशीन देऊन टाकून नितेशकडे नाशिकला जाईन, असं तू ह्यांच्याजवळ म्हणालीस म्हणे. लेकाच्या ओढीने जात असतीस तर मी स्वतः तुझी बॅग भरली असती. पण हात रिकामे झाले म्हणून जाऊ नकोस. तेवढी विकलेल्या कुंच्यांची पानं राहू दे.

पिशवी रिकामी परत पाठवलीस तरी चालेल, उत्तर मात्र हवं.

तुझी,
अक्षता

*

बोरिवली,
१२ जून

चि. सौ. अक्षतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कापड पोचलं, पत्रही पोचलं. जयवंतरावांना पोस्टमन केलंसच आहे तर त्यांच्या हाती सांदणं पाठवतेय. मुलुंडला किती पोचतात ते तुमचं तुम्ही बघा.

पानं मीच काढली. सूनबाईने, श्रुतिकाने, फोटो टाकायला आणि काढायला शिकवलं. कुणाच्या बाळाची कुंची शिवून झाली की फोटो टाकते, ती दिली की काढते, दोन्ही न चुकता. माझं चुकलं काय ते मला उमगत नाही. जी कुंची आता कुणाच्या बाळाच्या अंगावर आहे, तिच्याकडे अनोळखी माणसांनी का बघत बसावं? आईने तुला एका जिन्यावरून बघू दिलं नाही. तू तर सगळ्या जगाला त्या जिन्यावर उभं करतेस गो. शिवाय वस्तू घरात नसताना मांडून ठेवायची, हा कुठला धंदा?

आधीच शिवून ढीग लाव म्हणशील, तर तेही व्हायचं नाही. बाळ जन्मल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. तुझ्या दिशाच्या वेळीही लावली नव्हती. तू रुसून बसली होतीस, आठवतं ना.

नाशिकचं विचारतेस, तर तिथे मशीनला जागा नाही असं नितेश सरळ म्हणाला. घर लहान आहे, त्याचं खरंच आहे. मला वाईट वाटलं नाही. थोडंसं वाटलं.

तुझ्या क्लासवर माझा राग नाही, तुझ्यावर तर नाहीच.

जानकीताई

*

मुलुंड,
१६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांदणं पोचली, पण डबा हलवला तर खडखड वाजत होता. हे म्हणाले, प्रवासात आटतात.

मी हट्ट करत नाही. दुकान तुझं, शब्द आईचा. फक्त आज आलेला एक निरोप सांगते. घाटकोपरहून संघमित्रा नावाच्या एका नर्सबाईंनी, कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून, लिहिलंय. त्यांच्या बहिणीला मुलगी झाली. कुणीतरी त्यांना तुझ्या निळ्या इरकली कुंचीचं पान पाठवलं होतं, ते उघडलं तर रिकामं. शोध शोध शोधलं, आपलं दुकान काही सापडलं नाही. शेवटी बाजारातून एक टोपडं आणलं, त्याला सशाचे कान आहेत. बारशाच्या फोटोत मुलगी गोड दिसते, पण आमची आजी ते कान सारखी मागे दुमडत होती, असं त्यांनी लिहिलंय.

एवढंच सांगायचं होतं. रागावू नकोस.

तुझी,
अक्षता

*

बोरिवली,
२१ जून

चि. सौ. अक्षतास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या त्या सशाच्या कानांनी माझी वाट लावली. दोन दिवस शिवण उसवत बसले.

मग असं मनात आलं, की बाळाला बाहेर काढायचंच नाही असं आई कुठे म्हणाली? ती त्याला छान नटवायची, काजळाची तीट लावायची आणि मग खुशाल चारचौघांत न्यायची. तर मग कुंचीलाच तीट लावली तर? काठाच्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्याचा एक ठिपका, मुद्दाम जरा वाकडा. तो घातल्यावरच फोटो काढायचा. मग ते पान राहिलं तरी माझी हरकत नाही.

पण माझ्या अटी आहेत. ही कुंची दिली, असं वर ठळक लिहायचं. तशी दुसरी हवी असेल तर बाळ आल्यावर कळवा, असंही लिहायचं. ती कुठल्या बाळाकडे गेली ते लिहायचं नाही. आधीच्या कुंच्या तिटेशिवाय गेल्या, त्यांची पानं परत आणायची नाहीत.

कुंची म्हणजे काय, असं मुली तुला विचारतात, असं जयवंतराव म्हणाले. त्यांना सांग, बाळाचं डोकं आणि पाठ एकत्र झाकणारं ते कापड. आईच्या किंवा आजीच्या जुन्या साडीचं असलं तर उत्तम, कारण ते धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं आणि त्याला घरचा वास असतो. हे असंच लिही. तुझी क्लासातली भाषा त्यात घालू नकोस.

सोबत पहिली तीटवाली कुंची आहे. फोटो काढ आणि संघमित्राबाईंना ती माझ्यातर्फे दे. बारसं झालं म्हणून बाळाचं डोकं उघडं ठेवायचं असं थोडंच आहे.

तुझी मान आता वळली तरी चालेल.

जानकीताई

*

मुलुंड,
८ ऑक्टोबर

ती. जानकीताईस,
शि. सा. न. वि. वि.

दसरा होऊन गेला आणि मशीन आहे तिथेच आहे. तिच्यावर झेंडूचा हार बघून हे घरी आले, तेव्हा इतके खुशीत होते की मला वाटलं पगार वाढला.

आता नीट वाच. बारशाला बाळाला काय घालावं, असं सर्चमध्ये टाकलं की सगळ्यात वर आपलं दुकान येतं. मला आधी पटलं नाही. दिशा म्हणाली, आपल्या फोनला आपली आवड ठाऊक असते, तो आपल्याला खूश करतो. म्हणून तिने पवईच्या ऑफिसात तिच्या मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर शोधून बघितलं. तिथेही पहिलं आपलंच. खाली जे चार शब्द दिसतात ते माझे नाहीत, तुझे आहेत. धुऊन धुऊन मऊ झालेलं, घरचा वास असलेलं. दिशा सगळ्या ऑफिसला सांगत सुटली, की हे माझ्या मावशीने लिहिलंय.

जुन्या पानांच्या पत्त्यावर जे अजून येतात, त्यांना मी तुझ्या त्या कुंचीच्या माहितीकडे वळवलंय. तुझी अट मोडलेली नाही. दिलेल्या कुंच्यांची पानं आता एकाखाली एक उभी आहेत, प्रत्येकीच्या कोपऱ्यात तो वाकडा ठिपका. लोक तीटवाली कुंची असं लिहून शोधायला लागलेत, ताई. इंदूरच्या एका बाईंनी तर काळा ठिपका नसेल तर नको, असं कळवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. मग डोळ्यांत पाणी का आलं, ते मला सांगता यायचं नाही. आई असती तर हे सगळं बघितलं असतं की हनुवटी धरून माझं तोंड वळवलं असतं, याचा विचार करत राहिले.

आता एकच मागणं. हे शिवतं कोण, असं सगळ्या विचारतात. दुकानाच्या पहिल्या पानावर मशीनवर बसलेली तू, असा एक फोटो मला लावायचाय. आईचा नियम दिलेल्या कपड्यासाठी होता, शिवणारीसाठी नव्हता. तू नाही म्हणणार, हे मला पत्र लिहायला घेतल्यापासून ठाऊक आहे. तरी रविवारी येतेय. येताना काजळाची डबी आणते. तीट मीच लावेन, तू फक्त समोर बघ.

तुझ्या नकारावरही माया करणारी,
अक्षता