कलिंगडाची सुई

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू : पर्जन्यमापक (पाण्याच्या बाटलीपासून, अचूक). टाकीचा पातळीदर्शक (सोसायटीने काढला, कारण राजकारण). पोळीची जाडी मोजायचा गेज (बायकोने, स्मिताने, एकदाही लावला नाही). आणि कालपासून कलिंगडाची सुई : छत्रीची काडी, दोन वायरी, मल्टिमीटर. टोचा, आकडा वाचा, फळ पिकलंय की नाही ते कळतं. दहावीनंतरचं सगळं शिक्षण स्वतःकडून.
तिसऱ्या मजल्यावरची ऋता पीएच.डी. करतेय. विषय : वेगवेगळ्या शास्त्रांतले लोक आतलं कसं चाचपतात, कसं मोजतात. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो, इंजिनीअर भिंतीवर हातोडी. फळांवर एक प्रकरण आहे. ते माझ्या सुईवर असणार, माझ्या नावासकट. तसं ती म्हणाली नाही, पण लिफ्टमध्ये हसली.

६ मार्च, गुरुवार. पहाटे ५.४०
वाशी मार्केट. वामनशेठचा गाळा. बारा कलिंगडं. माझी सुई विरुद्ध हौसेराव. हा साताऱ्याकडचा माथाडी, तीस वर्षं कलिंगडं उतरवतोय. नुसता थापटतो. उपकरण शून्य.
वामनशेठने सगळी कापली. सुई : सात बरोबर. हौसेराव : बारा.
नमुना लहान. शिवाय सुई थंड होती.
हौसेराव म्हणतो, सायेब, फळ आपनच सांगतंय की, भोसकताय कशापायी? अशास्त्रीय.
सरावासाठी आधी नऊ टोचली होती. वामनशेठ म्हणाले, ही भोकं पडलेली काय माझ्या सासऱ्याला विकू? उचला. नऊ नमुने रिक्षाने घरी आणले.

९ मार्च, रविवार
सकाळी कलिंगड. दुपारी कलिंगड. स्मिता म्हणाली, ती पोरगी डॉक्टर होईल, आपण आजारी पडू.
संकल्प : सुई सुधारणे.

१७ मार्च, सोमवार
सुधारित सुई. साठ फळं. हौसेराव सत्तावन्न, सुई एकतीस. ऋता म्हणाली, काका, नाणं उडवलं असतं तरी तीसेक आली असती. म्हणजे सुई नाण्यापेक्षा सरस. तिनेच कबूल केलं.

२८ मार्च, शुक्रवार
ऋताच्या प्रकरणाचा पहिला खर्डा लिहून झाला. पहिल्या पानावर हौसेराव, फोटोसकट. सुई तळटीपेत : ‘एका स्थानिक रहिवाशाने बनवलेले साधन’. नावाचं विचारलं. ऋता म्हणाली, काका, एकतीसच्या शेजारी तुमचं नाव बरं दिसेल का? काळजी करते बिचारी.
रहिवासी स्थानिक आहे, एवढं मात्र बरोबर.

२ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ६.२५
ऋता घरी आली. एप्रिलभर हौसेराव आणखी तीनशे फळं थापटणार. तो सांगेल ते काटेकोर उतरवून घ्यायला कुणीतरी हवंय. म्हणाली, काका, तुमच्यासारखं अक्षर कुणाचं नाही, आभारात नाव घालीन. स्मिता आतून म्हणाली, जा हो, घरात तरी शांतता होईल.
माझ्यासारख्या संशोधकाने हमालाचं लिहून घ्यायचं? जागच्या जागी नकार दिला. आवाज न चढवता.
नोंदीसाठी. मला देऊ केले : दिवसाला चारशे रुपये. हौसेरावला : बाराशे.